खानापूरच्या सिद्दींसाठी सीमाभाग कधी उभा राहणार?

खानापूर आणि हल्याळ हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. जंगल एक, पाऊस एक, सोयरिकी दोन्हीकडच्या. फरक एवढाच की खानापूर बेळगाव जिल्ह्यात येतो आणि हल्याळ कारवार म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यात. २००३ साली कर्नाटकातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजाला अनुसूचित जमातींच्या यादीत जागा मिळाली, पण यादीत समाजाच्या नावापुढे जिल्ह्याचं नाव होतं आणि तो जिल्हा एकच होता, उत्तर कन्नड. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतले सिद्दी बाहेर राहिले. त्यांची नावं यादीत यायला २०२० साल उजाडलं. म्हणजे सतरा वर्षं हल्याळचा सिद्दी आदिवासी होता आणि खानापूरच्या रानात राहणारा त्याचा सोयरा सरकारदप्तरी आदिवासी नव्हता.

हा केवळ दाखल्याचा प्रश्न नव्हता. २००६ चा वनहक्क कायदा काय म्हणतो ते पाहा. जंगलात कसून खाणारा माणूस अनुसूचित जमातीचा असेल, तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन त्याच्या ताब्यात होती एवढं त्यानं दाखवायचं. तो जमातीचा नसेल, तर त्या तारखेच्या आधीची तीन पिढ्यांची, पंचाहत्तर वर्षांची वस्ती सिद्ध करायची. १९३० सालचा पुरावा जंगलात राहणाऱ्या निरक्षर माणसानं कुठून आणायचा? तेव्हा ना रेशनकार्ड होतं, ना मतदारयादीत नाव, ना त्याच्या आजोबाचा सातबारा. फॉरेस्टच्या कागदात आजोबाचं नाव असलंच, तर दंडाच्या पावतीवर असेल. हल्याळला जो अर्ज मान्य होण्यासारखा होता तोच अर्ज खानापुरात पहिल्या पायरीवर अडखळत होता. दुसरी गोष्ट १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची. चारचौघांत जमातीवरून अपमान झाला तर हल्याळच्या सिद्दीला या कायद्याचा आधार होता. खानापूरच्या स्टँडवर तेच शब्द, तितक्याच मोठ्यानं कानावर पडले, तर खानापूरच्या सिद्दीला नव्हता.

आपण सीमाभागातली माणसं. नकाशावरची रेषा माणसाच्या आयुष्याचं काय करते हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा हे आपल्या घराघरांत बोललं जातं. १७ जानेवारीला आणि १ जूनला आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. आपली तक्रार साधी आणि खरी आहे: रेषा ओढणाऱ्यांनी माणसं पाहिली नाहीत. मग आपल्याच तालुक्यात, आपल्यासारखीच बोली बोलणाऱ्या माणसांवर दुसऱ्या एका रेषेनं सतरा वर्षं अन्याय केला, तेव्हा आपल्या कोणत्या मोर्चाच्या निवेदनात ते एक कलम म्हणून आलं? मी तरी वाचलेलं नाही. सिद्दींची मागणी सिद्दी मांडत राहिले, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या मोजक्या संस्था मांडत राहिल्या, आणि आपण तो ‘त्यांचा’ विषय मानला.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे. सीमाभागातल्या मराठी माणसानं न्यायाची जी मोजपट्टी बेंगलोर आणि दिल्लीसमोर धरली आहे, तीच त्यानं आपल्या गावात धरली पाहिजे. आणि ती धरायचं काम पक्षाचं किंवा सरकारचं नाही. ते तालुक्याच्या गावातल्या छोट्या, बिनपगारी, दोन्ही भाषांत वावरणाऱ्या गटांचं आहे.

सिद्दी कोण, हे आपल्याकडच्या शिकल्यासवरल्यांनाही नीट माहीत नसतं. मराठी मुलाला सिद्दी भेटतो तो पन्हाळ्याच्या वेढ्यात. १६६० चा सिद्दी जौहर, नाहीतर जंजिऱ्याचा सिद्दी. दोघेही शत्रूपक्षातले. दिवाळीच्या किल्ल्यावर आणि गॅदरिंगच्या नाटकात तो असाच येतो. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकणारा मलिक अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला मुलगा होता, आणि १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतं. सिद्दी हिलाल शिवाजी महाराजांच्या बाजूनं लढला, हे तर बहुतेकांच्या कानावरही नसतं.

पण आपल्या रानातले सिद्दी या सरदारांचे वंशज आहेत, असं समजणंही चूक. त्यांचे पूर्वज बहुतांशी पोर्तुगिजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गोव्यात आणलेले गुलाम. मालकाच्या छळाला कंटाळून घाट चढून आलेली, या जंगलानं लपवलेली माणसं. कुणी हिंदू झालं, कुणी ख्रिस्ती राहिलं, कुणी मुसलमान. बोली कोकणीच्या अंगानं जाणारी, तिच्यात मराठी आणि कानडी मिसळलेली. शेकडो वर्षं ही माणसं इथली आहेत. आपल्यापैकी कित्येकांची घराणी बेळगावात त्यांच्यानंतर आली असतील. तरीही वडापमध्ये शेजारी बसलेला माणूस सिद्दी मुलीला विचारतो, ‘तू कुठल्या देशाची?’ आणि तिनं आपल्यासारख्याच बोलीत उत्तर दिलं की गाडीतले सगळे हसतात. या हसण्यात वाईट हेतू नसेलही. पण रोज, प्रत्येक गाडीत, प्रत्येक नव्या वर्गात, प्रत्येक कचेरीत आपण इथले आहोत हे सिद्ध करत राहायचं म्हणजे काय, याचा विचार १ नोव्हेंबरला काळी फीत लावणाऱ्या माणसानं तरी करावा. त्यालाही आयुष्यभर कुणीतरी विचारत आलं आहे, ‘इथं राहता ना? मग?’

वंशभेद हा गोऱ्यांच्या मुलखातला प्रश्न, आपल्याकडे फक्त जात, असं म्हणणारे भेटतात. मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, तेव्हा आपल्याकडच्या तरुणांनीही मोबाइलवर संताप व्यक्त केला होता. तिथल्या लहान लहान गावांत त्या वर्षी शेजारीपाजारी जमून स्वयंसेवी गट उभे राहिले, आपल्या शाळा, आपलं पोलीस ठाणं, आपलं वाचनालय तपासू लागले. आपल्या तरुणांचा राग खरा होता याबद्दल मला शंका नाही. त्याच वर्षी खानापूरच्या सिद्दींना यादीत जागा मिळाली. ती बातमी मात्र फारशी कुणी पुढे पाठवली नाही.

आणि वंश व जात यांचा संबंध जोडायला आपल्याला अमेरिकेकडून शिकायचीही गरज नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना. पुण्यात बसून, जहाजानं येणाऱ्या बातम्यांवर, त्यांना ते दिसलं. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ ला मुंबईच्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. मराठीची ही परंपरा आहे आणि सीमाभाग तिच्या बाहेर नव्हता. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याचे फलक आपण अभिमानानं लावतो. त्यानंतर चारच महिन्यांत, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीत मुंबई इलाख्याची प्रांतिक बहिष्कृत परिषद झाली आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. या दुसऱ्या घटनेचा उल्लेख आपल्या मराठी व्यासपीठांवर किती वेळा होतो? माझ्या मते ती आपल्या सीमाभागाच्या इतिहासातली पहिल्या रांगेतली घटना आहे.

आता गटाविषयी. खानापुरात आम्ही काही जण महिन्यातून एखाद्या रविवारी जमू लागलो आहोत. नोंदणी नाही, नाव नाही, पावतीपुस्तक नाही. एक निवृत्त शिक्षिका, एक आशा कार्यकर्ती, कोर्टात कानडीत अर्ज लिहिणारा एक वकील, किराणा दुकानदार, आणि सिद्दी वाड्यांतली चार शिकलेली मुलंमुली. काम कंटाळवाणं आहे. नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसुली कचेरीत, जातीच्या दाखल्याचा अर्ज भरायचा, शाळेच्या दाखल्यावर पूर्वी चुकीची जात लिहिली गेली असेल तर ती दुरुस्त करायला लागणारे कागद गोळा करायचे, वनहक्काचा जुना फेटाळलेला अर्ज ग्रामसभेपुढे पुन्हा न्यायचा. २०२० ला कायदा बदलला म्हणून माणसाच्या हातात दाखला आपोआप पडत नाही. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘सिद्दी’ लिहिलेलं नसतं, कारण तेव्हा लिहून काही मिळत नव्हतं. किंवा बाप शाळेतच गेलेला नसतो. मग चौकशी, पंचनामा, तलाठ्याचा शेरा. या पायऱ्यांवर माणूस थकतो आणि घरी जातो. त्याच्यासोबत दुसरा माणूस असला तर तो तितक्या लवकर थकत नाही.

हे काम बेंगलोरहून होणार नाही. आयोग असतात, योजना असतात, त्या हव्यातही. पण लहान गावातला भेद ओळखीच्या माणसांकडून होतो. भाड्याची खोली ‘आत्ताच गेली’ म्हणणारा घरमालक आपल्याच भिशीत असतो. वर्गात सिद्दी पोरांना मागच्या बाकावर बसवणारे गुरुजी आपल्याला शिकवायला होते. कायदा त्यांच्यापर्यंत पोचतो तो सगळं घडून गेल्यावर. ओळखीचा माणूस आधी पोचू शकतो. आणि त्याचमुळे हे काम अवघडही आहे. आमच्यातल्या दुकानदाराला गिऱ्हाईक तुटण्याची भीती आहे आणि ती खोटी नाही. तरी तो येतो, याचं मला फार मोल वाटतं.

एक उदाहरण सांगतो. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी राक्षसाचं काम सिद्दी मुलालाच मिळायचं. मुलाच्या आईनं आमच्याकडे बोलून दाखवलं. आमच्यातली शिक्षिका मुख्याध्यापकांना भेटायला गेली, तेव्हा त्यांनी अगदी सहजपणे सांगितलं, ‘त्याला रंग लावावा लागत नाही.’ ते दुष्ट गृहस्थ नाहीत. त्या वाक्यात काही वावगं आहे हे त्यांना खरोखर जाणवलं नव्हतं. बराच वेळ बोलणं झालं, ते गप्प झाले, आणि पुढच्या वर्षी शाळेनं नाटकच बसवलं नाही. याला यश म्हणायचं का, यावर आमच्यात अजून वाद आहे. मुलाच्या आईचं म्हणणं, नाटक हवं होतं आणि त्यात राजाचं काम हवं होतं. मला तिचं पटतं.

अशा गटांत एक धोका असतो, आणि तो मी सगळ्यात गंभीर मानतो. सामावून घेणं म्हणजे कार्यक्रमात नाचायला बोलावणं, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. दांडेली, गणेशगुडीकडच्या रिसॉर्टांत पर्यटकांपुढे सिद्दी मंडळी नाचतात. सरकारी उत्सवात डमामी, म्हणजे सिद्दींचा ढोल, वाजते, पाहुणे फोटो काढतात. डमामी ही त्यांची कला आहे, तिचा त्यांना अभिमान आहे, तिचे पैसे मिळत असतील तर उत्तमच. पण ज्या समारंभात सिद्दी फक्त नाचायला येतो आणि खुर्चीवर बसायला येत नाही, त्याला मी सामावून घेणं म्हणणार नाही. हीच गोष्ट खेळाची. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणानं विशेष क्षेत्र योजनेखाली सिद्दी मुलामुलींना धावण्यासाठी निवडलं. त्यांच्यातून राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू निघाले आणि मग काही वर्षांतच ते दार त्यांच्यासाठी बंद झालं. ज्या देहासाठी निवडलं त्याचा उपयोग संपला की मुलं पुन्हा रानात. शिक्षण, नोकरी, पुढचं आयुष्य यांचा विचार निवड करतानाच व्हायला हवा होता. म्हणून गटाचा पहिला नियम हा असावा की बैठकीचा विषय सिद्दी सदस्य ठरवतील आणि बाहेर बोलायचं तेव्हा आधी ते बोलतील. २०२० मध्ये शांताराम सिद्दी विधान परिषदेवर नेमले गेले, राज्याच्या विधिमंडळात पोचलेले ते पहिले सिद्दी. त्यांच्या पक्षाशी कुणाचं पटो न पटो, त्या खुर्चीवर सिद्दी माणूस बसलेला दिसला याचा वाड्यांतल्या मुलांवर झालेला परिणाम मी पाहिला आहे. खानापुरातल्या सहकारी सोसायट्या, वाचनालयं, शाळा सुधारणा समित्या, युवक मंडळं इथं तो परिणाम व्हायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. इथं काही मराठी मित्र रागावतील, तरी बोलतो. हा गट फक्त मराठी असू नये. कचेरीचं काम कानडीत चालतं, सिद्दींचे नातेवाईक हल्याळ, यल्लापूर, कलघटगीला कानडी शाळांत शिकतात, आणि त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं धडपडलेले अनेक कार्यकर्ते कन्नडभाषक आहेत. मराठी कागदपत्रं, मराठी शाळा ही आपली मागणी मी एका शब्दानंही कमी करत नाही. घटनेच्या ३५० अ कलमानं प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगितलं आहे आणि ती सोय आपल्याला हवी. पण मग तेच कलम घेऊन विचारा, सिद्दी मुलाची मातृभाषा कोणती? कानडी शाळेत तो परका, मराठी शाळेत त्याच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून हिणवतात. मराठी शाळेचा पट टिकवायला आपल्याला ती मुलं हवी असतील, तर त्यांची बोली वर्गात चालली पाहिजे. कानडी आणि मराठी माणसं एका टेबलावर बसून एखाद्या तिसऱ्याच्या हक्कासाठी अर्ज लिहितात, असं दृश्य बेळगाव जिल्ह्यात फार कमी दिसतं. ते वाढलं तर सीमालढ्याचं काही बिघडणार नाही.

‘आधीच मराठी माणूस पिचलेला, त्यात आणखी फूट कशाला?’ हा आक्षेप मला वारंवार ऐकू येतो, आणि तो घेणारे लोक लढ्यात लाठ्या खाल्लेले असतात, म्हणून तो हलका मानता येत नाही. पण फूट भेद दाखवणाऱ्यानं पाडलेली नसते. गावाबाहेरच्या वाडीला, दलित वस्तीला मोर्चाच्या दिवशी ‘आपण सगळे मराठी’ असं सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, देवळात, लग्नाच्या पंगतीत वेगळं वागवायचं, हे त्या वस्त्यांना कळत असतं. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्यावर कर्नाटकात १९८२ ला कायद्यानं बंदी आली. त्या मुली कोणत्या जातींच्या होत्या आणि त्यांच्या दुःखावर गावातले कोण जगले, हे चिक्कोडी, निपाणी, अथणीकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या स्त्रियांना आपण ‘आपल्या’ कधी म्हटलं? एकी हवी असेल तर तिची किंमत त्यांच्याकडूनच वसूल करत राहणं थांबवलं पाहिजे.

‘त्यांना आता आरक्षण मिळालं ना!’ हा दुसरा आक्षेप. कर्नाटकानं २०२२ मध्ये अनुसूचित जमातींचं आरक्षण तीन टक्क्यांवरून सात टक्क्यांवर नेलं, हे खरं. पण त्या यादीत मोठ्या, राजकीय वजन असलेल्या जमाती आहेत, आणि सिद्दी मूठभर. ज्या वाडीतून हायस्कूल गाठायला पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागतो, तिथल्या मुलीला सात टक्क्यांतली जागा दिसायला आधी दहावी व्हावं लागतं. दहावीची गळती थांबवायला वसतिगृह लागतं, आणि वसतिगृहात तिच्या केसांना हात लावून खिदळणाऱ्या मुलींना समजावणारी कुणीतरी वॉर्डन लागते. आरक्षण तिथून पुढे सुरू होतं.

बेळगाव शहरात आता मणिपूर-नागालँडची मुलं हॉटेलांत आणि पार्लरमध्ये राबतात, मलेशियातले विद्यार्थी इथं डॉक्टरकी शिकतात. रस्त्यावर त्यांना ‘चिंकी’ म्हणून हाक मारणारे ओठ आणि सिद्दी मुलाला ‘हबशी’ म्हणणारे ओठ एकच असतात. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या तरुणाचा जीव अशाच हेटाळणीतून सुरू झालेल्या मारहाणीत गेला, त्यावर केंद्रानं बेझबरुआ समिती नेमली. शहरात गट निघाला तर त्यानं या मुलांनाही आपल्या कक्षेत घ्यावं. खानापूरच्या आमच्या गटाला मात्र सध्या वाड्यांचंच काम पुरेसं आहे.

शिवजयंतीच्या मिरवणुकीचं काय, असं एका तरुणानं विचारलं. बेळगावची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते आणि सारा सीमाभाग ती पाहायला लोटतो. माझी तिथल्या मंडळांना जाहीर विनंती आहे: यंदा एका तरी चित्ररथावर महाराजांच्या बाजूनं लढणारा सिद्दी हिलाल दाखवा, आणि ते काम करायला खानापूरच्या सिद्दी तरुणांना सन्मानानं बोलवा, संवाद त्यांना द्या, मंडळाच्या कार्यकारिणीतही घ्या. आणि सीमालढा चालवणाऱ्या मध्यवर्ती महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पुढच्या निवेदनात, सीमाप्रश्नाच्या मागण्यांखाली, खानापूर तालुक्यातल्या सिद्दींचे प्रलंबित वनहक्क दावे पुन्हा तपासावेत हे कलम घाला. मसुदा आमच्याकडे तयार आहे, मराठीत आणि कानडीत. त्यावर सही करायला कोण कोण पुढे येतं ते आम्ही विचारत फिरतो आहोत. पहिल्या सह्या वाडीतल्या बायकांच्या आहेत.